हेल्मेटातली ओटी

"नऊ किलो सहाशे," साळोख्यांनी निकाल दिला आणि आंब्याच्या फांदीला अडकवलेला ताणकाटा खाली उतरवला. "बाई, हर्ण्याहून निघालो तेव्हा तुमची ही पिशवी चार किलो दोनशे होती."

"मग?"

"मग पाच किलो चारशे जास्तीचे झाले. त्यात नारळ आठ."

"मला मोजता येतं, साळोखे. मी तीस वर्षं पोरी मोजल्यात. सहलीला नेताना एकदा आणि आणताना एकदा."

देवगड अजून अठरा किलोमीटर होतं. एप्रिलमधली भर दुपार, काळ्या कातळाचा सडा, आणि त्या सगळ्या सड्यावर सावली म्हणावी असं ते एकच झाड. खालून कातळ तापलेला, वरून आभाळ तापलेलं, आणि मधे आम्ही दोघं तव्यावरच्या भाकरीसारखे शेकत होतो. सायकली झाडाला टेकवलेल्या. माझ्या सायकलच्या मागच्या पिशवीतून नारळांच्या शेंड्या बाहेर डोकावत होत्या.

यशवंत साळोखे सत्तावीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी ताणकाटा खिशातून निवृत्त झाला नव्हता. या प्रवासासाठी त्यांनी दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीनं अर्धा कापला होता. टॉवेलाऐवजी पंचा, पंचाही अर्धा. माझा पावडरचा डबा त्यांनी मला निम्मा रिकामा करायला लावला होता. त्यांच्या मते चढावर एका ग्रॅमचे दहा ग्रॅम होतात. हे कुठल्या खात्याचं परिपत्रक होतं ते देव जाणे. खरी गोष्ट अशी होती की चढ त्यांना झेपत नव्हता. मी मुलींच्या शाळेत पीटीची बाई, चोपन्नाव्या वर्षीही चढावर बसून सायकल मारायची. साळोखे एकोणसाठचे, आणि तिसऱ्या वळणाला उतरून हातात सायकल धरून चालायचे. वर पोहोचले की म्हणायचे, "वजन जास्त झालंय."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, साळोख्यांची पत्नी जाऊन सहा. सांगलीत पहाटे सायकल चालवणाऱ्यांचा एक गट होता, त्यात ओळख झाली. सगळे मला मानेबाई म्हणायचे, तेही बाईच म्हणायचे. जानेवारीत एका सकाळी आयर्विन पुलावर त्यांनी सायकल थांबवली, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, आपण दोघंही एकटे आहोत. मला वाटतं, पारडी जुळतायत."

मला आधी वाटलं, खात्याची काहीतरी गोष्ट सांगतायत. कळलं तेव्हा मी म्हटलं, "साळोखे, माणूस पुलावर कळत नाही. उन्हात, चढावर आणि पंक्चर झाल्यावर कळतो."

"मग कसं करायचं?"

"हर्णे ते रेडी. नऊ दिवस. रेडीला पोहोचल्यावर सांगते."

"रेडीपर्यंत मुदत," ते म्हणाले आणि लगेच वहीत लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर मी नाही म्हणणार होते. चहा कधी प्यायचा, दार कधी लावायचं, रविवारी भात करायचा की नाही, हे मला नऊ वर्षांत कुणाला विचारावं लागलं नव्हतं. आता या वयात अर्धा ब्रश वापरणाऱ्या माणसाच्या हाताखाली जायचं? मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं. "साळोखे, तुम्ही भले गृहस्थ आहात, पण..." 'पण'च्या पुढचं मी रोज चढावर घोटत असे.

प्रवासाच्या तारखा त्यांनीच काढल्या होत्या. वारा कुठून असेल, भरती कधी, फेरीबोट किती वाजता, सगळं पाहिलं. पंचांग तेवढं पाहिलं नाही. माझीही अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. चैत्र महिना. घरोघरी चैत्रगौर बसलेली, आणि दारात आलेली बाई हळदीकुंकू घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही.

पहिला नारळ गुहागरला मिळाला. बर्वेवहिनींकडे राहायची-जेवायची सोय होती. आम्ही घामानं निथळत अंगणात शिरलो आणि वहिनींनी माझी टिकली पाहिली. झालं.

"या, या! सवाष्ण आली हो आयतीच! पाटावर बसा."

मी काही बोलायच्या आत माझ्या कपाळाला कुंकू लागलं, हातात पन्ह्याचा पेला आला आणि वहिनी सुपात नारळ, तांदूळ, खण घेऊन समोर उभ्या राहिल्या. "पदर धरा."

मी खाली पाहिलं. गुडघ्यापर्यंतची काळी तुमान आणि शाळेच्या क्रीडा महोत्सवाचा टीशर्ट. "पदर नाहीये हो."

वहिनींनी मला वरून खाली, खालून वर पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या हेल्मेटवर गेली. "मग ती टोपी धरा पुढे. गौरीला सगळं चालतं."

असा माझ्या हेल्मेटात पहिला नारळ बसला. वर तांदळाच्या पाच मुठी पडल्या, त्यातल्या थोड्या हेल्मेटच्या भोकांतून खाली सांडल्या आणि कोंबडीनं टिपल्या. साळोखे पायरीवर पाण्याची बाटली धरून उभे होते. नारळाकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर मी आकडा उमटलेला पाहिला.

"साळोखे, जरा पंचा द्या," मी म्हटलं.

"अगं बाई, नवऱ्याला आडनावानं हाक मारता?" वहिनी म्हणाल्या. "पोलिसात आहेत का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ओटी भरायला एक मिनिट लागतं आणि आमची सगळी हकीकत सांगायला अर्धा तास, असा हिशेब करून मी गप्प बसले. निदान स्वतःला तरी मी तसंच सांगितलं. साळोख्यांनी आपली वळकटी पडवीत टाकली आणि "मला वारा लागतो," म्हणाले. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भांडलात होय? होतं हो उन्हानं."

त्यानंतर नारळांनी आमचा पिच्छाच पुरवला. गणपतीपुळ्याच्या अलीकडे पंक्चर झालं, ते एका घराच्या दारातच. दुसरा नारळ. मग साळोख्यांनी फर्मान काढलं की यापुढे घरात शिरायचं नाही, पाणी फक्त हापशीवर प्यायचं. तिसरा नारळ हापशीवर मिळाला. बायका कळश्या भरत होत्या, एकीनं धावत जाऊन घरातून ताटच आणलं. जैतापूरच्या पुलाजवळ एसटीच्या शेडमध्ये बसलो तर शेजारच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या, "गौरीच्या दिवसांत सवाष्ण अशी रिकामी जाते का?" प्रत्येक ठिकाणी पदराचा शोध, प्रत्येक ठिकाणी हेल्मेट पुढे. भिजवलेले हरभरे मात्र साळोखे न बोलता खायचे. खाल्लेलं वजन ते धरत नसत.

तर देवगडच्या अलीकडच्या त्या झाडाखाली आठ नारळ आणि साळोखे.

"तीन उपाय आहेत," ते म्हणाले. "एक, इथंच फोडून खाऊ."

"ओटीचा नारळ वाटेत फोडायचा नसतो. घरी नेऊन गोड करून खायचा."

"दोन, पुढच्या देवळात ठेवू."

"ओटीतलं दुसऱ्याला द्यायचं नसतं. देवालाही नाही."

"तीन. देवगड स्टँडवरून सांगलीला पार्सल करू."

"ओटी पार्सलनं पाठवतात होय कुठं?"

साळोखे माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, तुम्ही आणि शास्त्र? मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या मुलीला तुम्ही मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तुम्हीच सांगितलंय मला."

"ते मांजर होतं. हा नारळ आहे."

मी पिशवी सायकलला अडकवली, हेल्मेट चढवलं आणि पायडल मारलं. मागून त्यांचा आवाज आला, "माझं म्हणणं फक्त नोंदवून ठेवा."

देवगडला नववा मिळाला, दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दहावा. आणि त्याच दिवशी, आचऱ्याकडे उतरणाऱ्या घाटीत, पिशवीचा पट्टा तुटला.

उतारावर साळोखे नेहमी माझ्या पुढे असत. दोन्ही ब्रेक दाबून, मान ताठ ठेवून, एखाद्या कार्यालयीन गाडीसारखे ते उतरत होते. मला मागे काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं तर पिशवी एका बाजूनं लोंबकळत होती आणि नारळ एकामागून एक रस्त्यावर उड्या घेत होते. शाळेत सवय झालेली, मी गळ्यातली शिट्टी फुंकली. शिट्टीनं पोरी थांबतात, नारळ थांबत नाहीत. पहिला नारळ साळोख्यांच्या उजवीकडून पुढे गेला. दुसरा डावीकडून. तिसरा त्यांच्या चाकावर आपटून उडाला तेव्हा त्यांना शंका आली.

"बाई! नारळ!" ते ओरडले, जणू मला दिसतच नव्हते.

समोरून एसटी चढत होती. ड्रायव्हरनं आधी एक नारळ पाहिला, मग दोन, मग चार, आणि गाडीच थांबवली. सगळी गाडी खाली उतरली. कुणी गटारातून काढला, कुणी बकरीच्या तोंडातून शेंडी सोडवली, एका म्हाताऱ्यानं तर चालता नारळ पायानं अडवला, फुटबॉलवाल्यासारखा. कंडक्टर दोन नारळ काखेत धरून माझ्याकडे आला. "ताई, तुमचे पॅसेंजर घ्या. तिकीट काढलं नाय त्यांनी."

लोक हसले, मीही हसले. गाडी गेली. साळोख्यांनी रस्त्याच्या कडेला नारळ रांगेत मांडले आणि मोजले. नऊ.

"एक गेला," ते कपाळ पुसत म्हणाले. "खाली काजूच्या बागेत गेलाय. मी पाहिला जाताना. जाऊ दे. सहाशे ग्रॅम कमी झाले."

मी मोरीच्या कठड्यावर बसले आणि रडायला लागले.

साळोखे घाबरले. मला रडताना त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही फारसं पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग अर्धा पंचा दिला, मग काही सुचेना म्हणून चिक्की दिली.

"लागलं का कुठं?"

"नाही."

"मग? नारळासाठी?"

"साळोखे, तुमची बायको गेल्यावर तुम्हाला कुठल्या पंगतीतून कुणी उठवलं का हो?"

"नाही. उलट लोक जास्तच बोलवायला लागले. एकटा आहे म्हणून."

"माने गेले, त्यानंतरची पहिली संक्रांत. धाकट्या जावेकडे हळदीकुंकू होतं. मी टिकली काढली नव्हती. गेलेही नीट साडी नेसून. बायका रांगेत बसलेल्या. ताट येत येत माझ्यापर्यंत आलं आणि पुढच्या बाईकडे गेलं. मधे मी नव्हतेच जणू. आणि जाऊ गोड आवाजात म्हणाली, 'शैलाताई, तुम्ही जरा आत चहाचं बघता का?'" मी चिक्कीचा कागद चुरगाळला. "नऊ वर्षं मी चहाचं बघतेय, साळोखे. पुतणीच्या लग्नात, शेजारच्या डोहाळजेवणात, शाळेतल्या हळदीकुंकवात. मी स्वतःलाच सांगायची, बरंय, आपल्याला त्या नारळाचं काय पडलंय. आणि त्या बर्वेवहिनी आल्या सूप घेऊन. मला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी मुद्दाम गप्प बसले. टिकली आपली आपल्याला लावता येते हो, ओटी आपली आपल्याला भरता येत नाही."

साळोख्यांनी रस्त्याच्या कडेला जाऊन खाली पाहिलं. मग बूट घट्ट बांधले आणि करवंदीच्या जाळीतून काजूच्या बागेत उतरले. भर दुपारी बारा वाजता. जो माणूस चढ दिसला की सायकलवरून उतरत असे, तो विनासायकल तो कडा उतरून गेला.

अर्ध्या तासानं आधी झाडीतून नारळ वर आला, मग साळोखे. सदरा खांद्यावर फाटलेला, कोपरं खरचटलेली, मानेवर लाल मुंग्या. ते धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले, नारळाची माती त्याच फाटक्या सदऱ्यानं पुसली आणि तो रांगेत दहाव्या जागी ठेवला. मी त्यांच्या मानेवरच्या मुंग्या काढल्या. त्यांनी आपली पिशवी रिकामी केली, आपले कपडे माझ्या पिशवीत घातले आणि दहाच्या दहा नारळ आपल्या सायकलवर चढवले.

"वजन करणार नाही?" मी विचारलं.

"काटा सामानात खाली गेलाय," ते म्हणाले. काटा त्यांच्या खिशात होता. हूक बाहेर दिसत होता.

त्या क्षणी मी विरघळले असेन असं वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट मला धडकी भरली. कारण त्या संध्याकाळी मालवणला अकरावा नारळ मिळाला आणि तो हेल्मेटात पडताना मला इतका आनंद झाला, की माझा माझ्यावरचा विश्वासच उडाला. मी साळोख्यांना हो म्हटलं तर हे नारळ कायमचे माझे. कुणी ताट पुढे नेणार नाही, कुणी चहाचं बघायला सांगणार नाही. मग मला माणूस हवा होता की नारळ? नारळासाठी हो म्हणायचं तर तो त्या भल्या माणसावर अन्याय, आणि नाही म्हणायचं तर सांगलीत परतल्यावर पुन्हा चहाची किटली. आधी एक 'पण' होता, आता दोन झाले.

साळोखे मात्र बदलले. वेंगुर्ल्यापर्यंत त्यांनी एकदाही ग्रॅम हा शब्द काढला नाही. प्रत्येक चढावर उतरायचे, अकरा नारळांची सायकल दोन्ही हातांनी रेटायचे, तोंड बीटासारखं लाल व्हायचं. मी म्हणायची, "निम्मे इकडे द्या." ते म्हणायचे, "नको, बॅलन्स छान बसलाय." बॅलन्स इतका छान बसला होता की सायकल दोनदा आडवी झाली.

नवव्या दिवशी शिरोडा मागे टाकलं. रेडी सहा किलोमीटर. मुदत संपत आली होती आणि साळोख्यांना ते माहीत होतं, पण ते विचारणार नाहीत हेही मला माहीत होतं. दोघांच्याही बाटल्यांतलं पाणी संपलं. रस्त्याला लागून एक लहानसं कौलारू घर होतं, अंगण शेणानं सारवलेलं, आणि अंगणात एक सत्तरीची बाई कोकमं वाळत घालत होती.

"आजी, पाणी मिळेल का?" साळोख्यांनी विचारलं.

"मिळात तर. येवा, बसा सावळेत." तिनं तांब्या आणला, गुळाचा खडा आणला. "खयसून इलास?"

"हर्ण्याहून. सायकलनं."

"येवढ्या वतात?" तिनं उन्हाकडे हात केला. "एसटी बंद आसा की काय?"

तिचं नाव द्वारकाबाय. घरात एकटीच असायची, मुलगा गोव्याला नोकरीला. पाणी पिऊन होईपर्यंत ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं. सुपात नारळ, तांदूळ आणि एक हिरवा खण. मी सवयीनं हेल्मेट काढून पुढे धरलं.

आणि माझ्यानं राहवलं नाही. सहा किलोमीटरवर मला खरं बोलायचं होतं, त्याआधी हे खोटं कुठंतरी थांबवायला हवं होतं.

"आजी, थांबा. हे साळोखे. हे माझे यजमान नाहीत. माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले."

साळोख्यांनी गूळ खायचा थांबवला. द्वारकाबाय सूप धरून तशीच उभी राहिली. माझा हात खाली येत होता. आता ती सूप आत नेईल, हे मला पाठ होतं.

"मगे?" ती म्हणाली.

"मग माझी ओटी भरत नाहीत."

"कोण भरनत नाय?"

"लोक."

द्वारकाबायनं अंगणात इकडेतिकडे पाहिलं. "खय आसत लोक? हय तीन माणसां आणि एक कोंबडी. गे बाय, माझो घोव जावन वीस वर्सां झाली. माका कोण वटी भरूक बोलावणत नाय. तुका घेवची बंदी, माका भरूची बंदी. मगे दोगी बंदीवाली बायलमाणसां एका अंगणात गावली तर करतली काय? चाय करीत बसतली?"

मी साळोख्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. चहाचं आम्ही तिला काही सांगितलेलं नव्हतं.

"धर ती टोपी वर," द्वारकाबाय म्हणाली. "नीट धर. भोकां आसत तिका."

मी हेल्मेट धरलं. तिनं कुंकू लावलं, तेही टिकलीच्या वर, चांगलं ठसठशीत. खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला, पाच मुठी तांदूळ घातले. एकेक मूठ अगदी सावकाश. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी पुसले नाहीत.

"आता नाव घे."

"कुणाचं?"

"तुका होया त्याचा. गेलेल्याचा घे, नायतर हय हुभो आसा त्येचा घे. नाय घेतलंस तरी नारळ तुझोच. ह्यो काय मी परत घेवचंय नाय."

नारळ माझ्या हातात होता. हा बारावा नारळ कुणाची बायको म्हणून मिळालेला नव्हता. मी हो म्हटलं तरी तो माझा होता आणि नाही म्हटलं तरी माझाच होता. नारळाचा प्रश्न त्या अंगणात मिटला. मग उरले फक्त साळोखे. फाटक्या सदऱ्यातले, गुळाचा खडा हातात धरून उभे असलेले, मानेवर अजून मुंग्यांचे लाल ठिपके. मी माझं वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. साळोखे, तुम्ही भले गृहस्थ आहात, पण... नऊ दिवस घोटलेलं, आणि 'पण'च्या पुढचं काही केल्या आठवेना.

मी शाळेत पोरींना कवायत देताना लावायची तो आवाज लावला, नाहीतर तो फुटला असता.

"नारळ वाहिले अकरा, कुरकुर होती ओठी,
यशवंतरावांचं नाव घेते, भरली माझी ओटी!"

कोंबडी दचकून पळाली. द्वारकाबायनं टाळी वाजवली. साळोख्यांनी भुवया आक्रसल्या.

"कुरकुर नव्हती ती, बाई," ते म्हणाले. "आचऱ्याच्या घाटीनंतर तर मी एक शब्दही बोललेलो नाही. आणि त्याआधीही मी फक्त नोंद..."

"साळोखे."

"हां?"

"नाव कुणाचं घेतलं मी?"

ते थांबले. त्यांचे ओठ हलले, बहुतेक ते उखाणा मनात पुन्हा म्हणून बघत होते. पहिली ओळ झाली. मग दुसरी.

"ह्येका कळाक येळ लागता वाटता," द्वारकाबाय मला म्हणाली.

"पण रेडी अजून सहा किलोमीटर आहे," साळोखे हळूच म्हणाले.

"मुदतीच्या आत दिलं तर खात्याला चालत नाही का?"

त्यांनी मान हलवली. चालतं की नाही ते मला त्यातून कळलं नाही. मग त्यांना काही सुचेना तेव्हा त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. सामानात खाली गेलेला ताणकाटा खिशातून काढला. पुढे येऊन माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं, त्याचा पट्टा हुकात अडकवला आणि नारळ, तांदूळ, खण सगळ्यासकट ते डोळ्यांसमोर उचलून धरलं.

"किती भरला?" द्वारकाबायनं विचारलं.

साळोख्यांनी चष्मा सरळ केला. दुसरा हात पहिल्याच्या आधाराला लावला. काटा सहाशेवर गेला, नऊशेवर गेला, परत सातशेवर आला. हेल्मेट हुकाला डुलत होतं आणि भोकांतून तांदूळ सारवलेल्या अंगणात टपटप पडत होते. कारण साळोख्यांचे दोन्ही हात थरथरत होते, आणि सत्तावीस वर्षं सगळ्या जिल्ह्याचे काटे तपासलेल्या त्या माणसाला ते वजन काही वाचता येईना.